टाकीवरची आत्या आणि नखाएवढे बेडूक

माझी आत्या डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीची राखणदार. सकाळ-संध्याकाळ पंप चालवायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि पाणी आपल्यामुळे येतं हे खालच्या गावाला विसरू द्यायचं नाही, हे तिचं काम. निवृत्ती जवळ आली तरी तिचा तोरा तसूभर कमी झालेला नाही.

टाकीमागच्या उतारावर कायम पाणी झिरपतं. तिथल्या ओल्या गवतात नखाएवढे बेडूक राहतात, दुसरीकडे कुठेच नाहीत म्हणे. दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा त्यांचा आवाज. आत्या व्हॉल्व्ह फिरवताना जीभ टाळूला लावून तो हुबेहूब काढते. अलीकडे मात्र ती म्हणायची, बेडूक गेले, उत्तरच देत नाहीत. तरी हाक मारायची सवय काही सुटत नव्हती.

पाणीखात्याच्या डोळ्यांत तो उतार खुपत होता. गळती थांबवायला तिथे सिमेंट ओतायचं ठरलं, तेव्हा बेडकांचा अभ्यास करणारी एक बाई आडवी आली. आत्यानं तिचं नाव बेडूकबाई ठेवलं. दुर्मिळ प्राण्यांच्या यादीत या बेडकाच्या नावापुढे 'माहिती अपुरी' एवढाच शेरा होता, आणि अपुऱ्या माहितीपायी कोणी सिमेंट थांबवत नाही. तो धोक्यात आहे असं ठरलं, तरच उतार वाचणार होता. म्हणून बेडूकबाईनं पंपघराच्या भिंतीवर आवाज टिपणारी एक पेटी बसवली.

महिनाभरानं ती आली तेव्हा मी आत्याकडेच होते. बाई गोंधळलेली होती. संगणकानं केलेल्या मोजणीनुसार बेडूक दिवसाउजेडीसुद्धा ओरडत होते. इतके मजेत असतील तर धोका कसला, आणि खोटं तर लिहिता येत नाही. तिनं आवाज लावला. पहिली टकटक ऐकली आणि चहा गाळणारी आत्या थबकली. दुसऱ्या टकटकीनंतर ओळखीचा खोकला आला, मग व्हॉल्व्हला हासडलेली शिवी.

"ती मी आहे," आत्या म्हणाली.

बेडूकबाई आधी पांढरीफटक पडली, मग टेबलावर डोकं टेकून हसत सुटली. सिमेंटवाल्यांच्या बाजूनं महिनाभर साक्ष दिली होती ती आत्यानंच. हसणं ओसरल्यावर मात्र आत्याचा चेहरा उतरला. सगळे आवाज तिचेच असतील तर बेडूक खरंच संपले होते, आणि सिमेंट अडवायला कारणच उरलं नव्हतं.

बेडूकबाई हेडफोन लावून पुन्हा ऐकत बसली. चहा गार झाला. एकाएकी तिनं हेडफोन काढून आत्याच्या कानांवर चढवला आणि आवाज मोठा केला. इतक्या वर्षांच्या पंपाच्या घरघरीनं आत्याचे कान अधू झाले होते. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, पण तिला सांगून बोलणी कोण खाणार? आता तिला स्वतःची हाक ऐकू आली, पंप थांबल्याचं ऐकू आलं, आणि मागून गवतातून एक बारीक टकटक. मग आणखी एक.

"मेले उत्तर देत होते की गं," ती म्हणाली. "मलाच ऐकू येत नव्हतं." तिचे डोळे भरून आले आणि माझेही.

मग पेटी पुन्हा बसवली. तेवढे दिवस आत्यानं तोंड बंद ठेवायचं होतं, आणि ते तिला पंप उचलण्यापेक्षा जड गेलं. पेटीत मोजकेच आवाज आले, तेही त्या एकाच उतारावरचे. यथावकाश शेरा बदलला: धोक्यात. सिमेंटची पोती आली तशी खाली गेली.

"आपले बेडूक धोक्यात आले गं," असं आत्यानं इतक्या आनंदात फोनवर सांगितलं, की आईला वाटलं कोणाचं तरी लग्न ठरलं. शिवाय इतकी वर्षं नको म्हटलेलं कानाचं यंत्र तिनं आपणहून आणलं.

आता ती पंप बंद करते, यंत्र नीट बसवते, पायरीवर टेकते आणि एकदाच हाक मारते. त्यानंतर आमच्यापैकी कोणी तोंड उघडलं की दटावते, "गप्प बसा जरा. माझ्याशी बोलतायत."