डावा दंड

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील हमालांच्या संघटनेत होते. मोर्चा झाला की उरलेली गुलाबी, पिवळी पत्रकं घरी यायची आणि आई ती डब्यांखाली अंथरायची. मला अक्षरओळख झाली ती 'निषेध' आणि 'जाहीर' या शब्दांवरून. त्यामुळे विशीत आल्यावर कशाचाही राग आला की मी पहिल्यांदा कागद शोधायचो. गावच्या कबड्डी संघातले तीन गडी एकाच हंगामात सोडून गेले, तेव्हाही मी तेच केलं.

आमचं गाव तेलगावच्या अलीकडं. चैत्रात यात्रा, यात्रेत कबड्डीचे सामने, आणि यजमान म्हणून मैदानात पहिला उतरणारा संघ आमचा. गडी गावचा असतो, हे तोवर कुणी बोलून दाखवलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. गावची विहीर गावची असते, तसा गावचा गडी. पण त्या वर्षी तालुक्याच्या गावातल्या एका एजन्सीवाल्यानं संघ काढला. मोटारसायकली आणि रंगीत टीव्ही विकून हात मोकळा झालेला माणूस. बनियनवर दुकानाचं नाव, पायात सारखे बूट, जीपनं नेणं-आणणं. आमच्यातला उजवा कोपरा गेला. दोन्हीकडं खेळणारा एक अष्टपैलू गेला. आणि आमचा चढाईपटू गेला. या तिसऱ्याचं जाणं गावाला लागलं.

तो किराणा दुकानदाराचा मुलगा. घर लिंगायत वाण्यांचं. आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, अंगानं सडसडीत. श्वास असा की एका दमात समोरचं अख्खं मैदान फिरून यायचा. त्याच्या 'कबड्डी, कबड्डी'ला चढउतार नव्हता. गिरणीचा पट्टा फिरावा तसा तो आवाज एकसारखा चालायचा, आणि समोरचे सात जण त्या आवाजाकडं बघत राहिले की त्याचा पाय कुणाला तरी शिवून गेलेला असायचा.

पारावर बैठक बसली. बागायतदार असलेले एक माजी सरपंच संघाचा खर्च बघायचे. गाव त्यांना आबा म्हणायचं. ते म्हणाले, "त्यांनी आपले नेले, आपुन दुसऱ्यांचे आणू. उमापूरकडं दोन गडी हायेत म्हणं, लई तयार. वर्गणी म्या काढतो."

आमचा कर्णधार डावा कोपरा खेळायचा. चाळिशीला टेकलेला, गुडघ्याला कायम पट्टी. तो उभा राहिला.

"आबा, गावचीच पोरं खेळतील."

"आन हारली तर?"

"यात्रेत त्यांच्याकडून हारलो तर पुढच्या साली तुमी आना कुठून आनायचे ते. म्या मधी बोलनार न्हाई. गड्याला हातबी लावनार न्हाई."

म्हणजे कर्णधारानं सगळाच संघ एका सामन्यावर लावला. लहानपणापासून त्यानं ज्यांना मातीत लोळवून तयार केलं, ती पोरं एका हरण्यानं त्याच्या हातून जाणार होती. मी त्या रात्रीच पत्रक लिहिलं.

ते पत्रक अजून मला तोंडपाठ आहे. 'खेळाडू विक्रीस नाहीत' असा मथळा. त्याखाली संघाचा हिशोब. उजव्या कोपऱ्यावर ऊसतोडीहून परतलेला गडी, पाय पकडतो पण घाई करतो. अष्टपैलूच्या जागी कॉलेजचा पोरगा, उंच आहे, वाकत नाही. चढाईला पर्याय नाही, तिथं कर्णधारानं स्वतः जावं. उजव्या बाजूचा मध्यरक्षक मात्र जुनाच आहे, आणि तो भिंत आहे. शेवटी लिहिलं होतं: 'गेले ते पाय. उरली ती पकड.' चहाच्या हॉटेलात लोकांनी ते मोठ्यानं वाचलं. मला वाटलं, यापेक्षा नेमकं काय असणार.

पत्रक घेऊन मी थेट त्या चढाईपटूच्या दुकानात गेलो. तो गुळाची ढेप फोडत होता.

"या पत्रकवाले," तो म्हणाला. "वाचलं तुमचं. म्या विकलो गेलो म्हनं."

"मग काय म्हणायचं?"

"गूळ विकतो बे म्या. त्यानं म्या गूळ होतो व्हय?" गिऱ्हाईक हसलं. त्यानं तराजूत खडा टाकला आणि आवाज खाली आणला. "मागं तूच लिव्हलतं ना, की आता देशात समदं खुलं झालं? कंपन्या खुल्या, बाजार खुला. मग आमीच कावून बांधलेलं? मला जिल्ह्याभायेर खेळायचंय. म्हातारा व्हायच्या आत. हितं यात्रा सोडून काय हाय?"

माझ्याकडं उत्तर होतं, लांबलचक होतं. बाजार कुणासाठी खुला होतो आणि कुणावर, हे मी त्याला ऐकवलं. आजही मी तेच ऐकवीन. तो ऐकत राहिला आणि शेवटी कागदात गुळाचा खडा बांधून माझ्या हातात ठेवला. "घसा सुकला असंल. खा."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी माझ्या पत्रकात नव्हती. गावातल्या कुणालाच ती सांगण्यासारखी वाटली नसती, इतकी ती अंगवळणी पडलेली होती. लिंगायत घरात लिंगदीक्षा झाली की ते लिंग माणूस अंगावेगळं करत नाही. एरवी ते आमच्या चढाईपटूच्या गळ्यात असायचं. पण खेळताना दोरा ओढला जायची भीती. म्हणून मैदानात उतरताना तो ते कापडात गुंडाळून डाव्या दंडाला घट्ट बांधायचा. त्या दंडाला आमचं कुणी हात लावायचं नाही. तसा नियम कुणी केला नव्हता. चुकून हात लागलाच तर लावणारा खेळ सोडून कपाळाला बोटं लावायचा, आणि तो हसून म्हणायचा, "असू दे बे, देव काय रुसत न्हाई." तरी पुढच्या वेळी हात खालीच जायचा. वर्षानुवर्षं पोरं त्याच्यावरच पकडीचा सराव करत आली होती. कर्णधार बाहेरून ओरडायचा, "पाय बघा, पाय! वर काय ठिवलंय?" त्यातून आमची घोट्याची पकड अशी तयार झाली की तेलगाव ते पाटोदा तिचं नाव होतं. बाहेरच्यांना वाटायचं ही कर्णधाराची शिकवण. ती होतीच. पण तिचं मूळ त्या कापडाच्या गाठीत होतं.

हे मला कळलं ते एजन्सीवाल्याच्या तोंडून. सामन्याच्या आदल्या दिवशी तो जीप घेऊन मैदान बघायला आला. सोबत आमचा गेलेला चढाईपटू होता. हॉटेलात बसून त्यानं सगळ्यांना चहा सांगितला आणि आमच्यासमोरच त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुला काय काळजी? ही पोरं तुझ्या डाव्या हाताला शिवत नाहीत म्हणे. तोच हात पुढं घालायचा आणि घुसायचं. भिंत असली काय अन् नसली काय!"

तो मोठ्यानं हसला. कर्णधारानं कप खाली ठेवला. मी आमच्या मध्यरक्षकाकडं बघितलं. शेतकऱ्याचा पोरगा, मान जाड, बोलणं कमी. तो स्वतःच्या पंजाकडं बघत होता. गेलेला गडी मात्र मान खाली घालून चहा पीत राहिला. मला त्या न बोलण्याचा भयंकर राग आला. नव्या पत्रकाचा मथळाही सुचला.

दुसऱ्या दिवशी मैदानाभोवती माणसांवर माणसं. लिंबाच्या फांद्यांवर पोरं, बैलगाड्यांवर बाया. पाणी मारून दाबलेली माती, तिच्यावर चुन्याच्या ताज्या रेघा. दोन्ही संघ समोरासमोर उभे राहिले. तो त्यांच्या बनियनमध्ये किती परका दिसत होता! नाणेफेक झाली आणि तो रांग सोडून चालत आमच्या बाजूला आला. लोकांना वाटलं हात मिळवायला आला. त्यानं डावा हात उचलून आमच्या सातही जणांपुढं धरला.

दंड मोकळा होता. कापड नव्हतं. एवढ्या वर्षांत गाठ बसलेल्या जागी कातडीवर एक फिकट पट्टा होता, तेवढाच.

कर्णधार दचकला. "लिंग कुठंय?"

त्यानं छातीवर हात ठेवला. बनियनच्या आत कापडाचे वेढे दिसत होते. "हितं बांधलंय. दंड मोकळा हाय. बिनधास्त धरा."

"छातीवर पडलास तर लागंल बे."

"लागू दे. माझं म्या बघन. पर उद्या कुनी म्हनायला नगं, देवाच्या आडून खेळला."

आणि तो परत गेला. एजन्सीवाला खुर्चीतून अर्धा उठला होता, तो बसला. मी चुन्याच्या रेघेवर उभा होतो. मी मोर्चे पाहिले होते, भाषणं ऐकली होती, मुठी आवळलेल्या पाहिल्या होत्या. उघडा हात एवढा मोठा दिसू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

सामना सुरू झाला. तो तसाच खेळला जसा आमच्याकडून खेळायचा, तोच एकसारखा आवाज, तेच पाय. आमच्या पोरांनी त्याला दोनदा घोट्यात धरून पाडलं. दोन्ही वेळा तो अंग वळवून पाठीवर पडला, छाती वर. ऊसतोडीहून आलेल्या गड्यानं घाई केली नाही. कॉलेजचा पोरगा वाकला. माझं पत्रक खोटं ठरत होतं आणि मी आनंदानं ओरडत होतो.

शेवटची चढाई उरली. एका गुणानं आम्ही पुढं. चढाईला तोच आला. त्यानं एकाला शिवलं तर बरोबरी, दोघांना शिवलं तर आम्ही हरलो. पकडला तर संघ कर्णधाराचा.

तो आत शिरला. उजव्या कोपऱ्याला शिवला, वळला, कर्णधारानं झेप टाकली. घोटा हातात आला आणि घामानं निसटला. दोघांना शिवणं झालं. आता मधल्या रेषेपर्यंत पोचायचंच बाकी होतं, आणि मध्ये उभी होती आमची भिंत. तो तोल जाऊन पुढं झुकला, डावा हात समोर पसरलेला. तो मोकळा दंड आमच्या मध्यरक्षकाच्या छातीसमोरून गेला, सरळ, वीतभर अंतरावरून. मी तो पंजा वर उठताना पाहिला. उघडला. आणि हवेतच थांबला.

एवढंच. दंड पुढं गेला, बोटं रेषेपार टेकली, शिट्टी वाजली.

टाळ्या त्यांच्याच लोकांनी वाजवल्या. तो मातीतून उठला, छाती चाचपली, आणि मग मागं वळून आमच्या मध्यरक्षकाकडं बघत राहिला. एजन्सीवाला हार घेऊन आला तरी त्याला कळलं नाही. जिंकलेल्या माणसाचा चेहरा तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. कुणीतरी त्याला काहीतरी दिलं होतं आणि ते कुठं ठेवावं हे त्याला उमजत नव्हतं.

संध्याकाळी पारावर बैठक बसली. शब्द दिलेला होता, तो पाळायचा होता. कर्णधार पट्टी सोडून गुडघा चोळत बसला होता. आबांनी मध्यरक्षकाला पुढं बोलावलं.

"कावून धरलं न्हाईस बे? त्यानं दाखवला ना हात मोकळा? सांगितलं ना, धरा म्हनून?"

"सांगितलं."

"मग?"

"हातच गेला न्हाई, आबा."

"हातच गेला न्हाई!" आबा पाराकडं वळले. "ऐका. विकत आणलेला गडी असता तर त्यानं धरला असता!"

ते जोरात म्हणाले, मुद्दा म्हणून म्हणाले. आणि म्हणून झाल्यावर थांबले. पारावरचा प्रत्येक माणूस ते वाक्य मनात पुन्हा ऐकत असावा, असं मला वाटलं. कुणी 'बरोबर' म्हणालं नाही. वर्गणीचा शब्द कुणी काढला नाही. आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि कर्णधाराला म्हणाले, "उद्या सराव हाय का न्हाई तुमचा?"

"तुमीच सांगा."

"म्या काय सांगू? मैदान काय म्या उचलून नेलंय?"

मला त्या रात्री पत्रक लिहायचं होतं. कागद घेतला. 'निषेध' लिहून झालं नाही, 'जाहीर' लिहून झालं नाही. ज्या शब्दांवर मी वाढलो त्यांत या गोष्टीसाठी मथळा नव्हता.

सकाळी मैदानावर गेलो. पोरं वाकून दंडबैठका काढत होती. लिंबाखाली एक जण उभा होता, रेघेच्या बाहेर, अंगात जुनं बनियन. कर्णधारानं त्याला बराच वेळ उभा ठेवला. मग न बघताच ओरडला, "भायेर कावून उभा बे? घोटे कुनाचे धरायचे पोरांनी, लिंबाचे?"

"म्या त्यांच्याकडून खेळनार हाय, दादा. पुढच्या सालीबी."

"खेळ की. सराव कुटं करतो म्हनून कुनी इचारलंय का?"

तो हसला. मग रेघेवर उकिडवा बसला, छातीवरचे वेढे सोडले, कापड नीट गुंडाळलं आणि डाव्या दंडाला बांधू लागला. एका हातानं गाठ बसेना. तेव्हा आमचा मध्यरक्षक पुढं झाला, आधी तळहात चड्डीला पुसून कोरडे केले, आणि कापडाचं दुसरं टोक धरलं.