स्टार्टरमधला आवाज

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमची भाड्याची शेड आहे. तिथं आम्ही शेतातल्या मोटरचे मोबाइल स्टार्टर बनवतो. शेतकऱ्यानं घरबसल्या फोन लावायचा, विहिरीवरची मोटर सुरू होते, आणि मग तो डबाच त्याला उलट फोन करून सांगतो, ‘मोटर चालू झाली आहे.’ हा आवाज माझ्या बायकोचा. ती जाऊन काही वर्षं झाली. प्रत्येक डबा बाहेर पाठवण्याआधी तपासावा लागतो, त्यामुळे ती रोज माझ्या कानाशी बोलते. लोकांना याचं फार कौतुक वाटतं. नशीबवान आहात, आवाज तरी राहिला, असं म्हणतात. मी मान डोलावतो आणि आतल्या आत चिडतो, कारण तो आवाज तिचा नाहीच.

ती सोयगावकडची. तिच्या बोलण्यात ‘आहे’ कधी पूर्ण आलेलं मला आठवत नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी मात्र ती केस विंचरून, जणू टीव्हीवर बातम्या द्यायच्या आहेत अशी ताठ बसली आणि एकेक अक्षर धुऊन-पुसून बोलली. ते वाक्य ऐकलं की मला कुणीतरी परकी, शिकलेली, जरा रागावलेली बाई आठवते. फोनमध्ये तिचे व्हिडिओ आहेत, पण ते लग्नाकार्यातले. त्यात डीजेच जास्त ऐकू येतो.

शेडमध्ये तिचं खरं काम होतं जेल ओतण्याचं. विहिरीवरच्या डब्यात पाल शिरते, मुंग्या वारूळ करतात, पावसाळ्यात ओल धरते आणि आतलं कार्ड, म्हणजे सर्किटची हिरवी पट्टी, जळून जाते. आधी आम्ही त्यावर काळं, कडक रसायन ओतायचो. ते दगडासारखं बसायचं. एकदा बसलं की आत काय बिघडलं ते देवालाही दिसत नसे. मग सिलिकॉनचं जेल आणलं. दोन डब्यांतलं रसायन सारख्या वजनानं घ्यायचं, हळू ढवळायचं, त्यातली हवा पंपानं ओढून काढायची आणि कार्डावर ओतायचं. ती नेहमी एकाच कोपऱ्यातून बारीक धार सोडायची, म्हणजे जेल आपोआप पसरत जातं आणि हवा कोंडत नाही. मग डबा किंचित कलता करून बघायची, दही लागलं का बघतात तसं. सुरुवातीला आम्ही मेडिकलमधले रबरी हातमोजे घालायचो आणि जेल काही केल्या बसेना. रबरातल्या गंधकानं ते बिघडतं, हे कळल्यापासून तिनं शेडमध्ये रबराला बंदी घातली. स्वतःच्या केसांचं रबरसुद्धा काढलं आणि साडीच्या काठाची चिंधी बांधायला लागली. मी तिला जेलची सासू म्हणायचो.

बसलेलं जेल काचेसारखं स्वच्छ असतं, पण मऊ. बोटानं दाबलं की दबतं आणि पुन्हा वर येतं. तपासणीची सुई थेट आत घालता येते, आणि सुई काढली की भोक आपलं आपण मिटतं. तिला याची फार गंमत वाटायची. आलेल्या-गेलेल्याला ती सुई टोचून दाखवायची.

जेल ओतून गेलेल्या पहिल्याच मालात आमची फजिती झाली. माल गेला आणि करमाडहून एका शेतकऱ्याचा फोन आला. तो म्हणाला की मशीन चांगली चालते, पण बाई रोज काहीतरी विचारतात, त्यांना काय सांगायचं? मी डबा लावून ऐकला. ‘मोटर चालू झाली आहे,’ असं ती ताठ आवाजात म्हणते, मग श्वास सोडते, आणि मग तिच्या नेहमीच्या आवाजात, जरा थकून, जरा लाडात, मला विचारते, ‘झालं का वो?’ शेपूट कापलेली फाइल बाजूलाच राहिली होती आणि ही न कापलेली सगळ्या डब्यांत गेली होती.

ती लाजून लाल झाली. सगळ्या तालुक्यांत मला नाचवलं तुम्ही, म्हणाली आणि दोन दिवस धड बोलली नाही. मग तिनेच हट्ट धरून सगळे डबे परत मागवले. जेल होतं म्हणून ते जमलं. ती ब्लेडनं जेलचा तुकडा खिडकीसारखा कापायची, मी आतली आवाजाची चिप बदलायचो, आणि ती नवं जेल ओतून खिडकी बुजवायची. काढलेल्या चिपा आणि कॉम्प्युटरवरची ती न कापलेली फाइल तिनं माझ्याकडून पुसून घेतली.

खुलताबादकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मात्र डबा दिला नाही. आम्ही दोघं त्याच्या मळ्यावर गेलो. तो एकटा राहायचा. त्यानं चहा पाजला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘राहू द्या बाई. दिसभर मला कोणी काय ईचारीत नाय. ही तरी ईचारती. मी व्हय म्हणतो अन् कामाला लागतो.’

डबा त्याच्याकडे तसाच ठेवून आम्ही परत आलो. पुन्हा त्या डब्याचा विषय तिनं काढला नाही.

नंतर तिचं दुखणं निघालं. ते सगळं मी लिहीत नाही. आता जेल दुसऱ्या दोघीजणी ओततात, चांगलं ओततात. चिंधी खिळ्यावर तशीच आहे.

या उन्हाळ्यात त्या म्हाताऱ्याचा फोन आला. त्याच्या मळ्यावर सोलर पंप बसला होता, जुना स्टार्टर मागच्या पावसाळ्यापासून गोठ्यामागे पडून होता. भंगारवाला मागतोय, पण तुम्हाला विचारल्याबिगर कसा देऊ, असं तो म्हणाला. मी हातातलं काम टाकून निघालो. त्या डब्यातल्या त्या तीन शब्दांशिवाय तिच्या स्वतःच्या आवाजातलं दुसरं काहीही माझ्याकडे नव्हतं.

डब्याचं झाकण गेलं होतं. आत चिखल, कोळ्याची जाळी, मुंग्यांची अंडी होती. म्हाताऱ्यानं बाई कशा आहेत म्हणून विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, ‘मंग मी एवढे दिस व्हय कोणाला म्हणत व्हतो?’ त्यानं डबा स्वतःच्या धोतरानं पुसून माझ्या हातात दिला.

सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये एकटाच बसलो. ओल्या फडक्यानं चिखल पुसला तसं खालचं जेल दिसायला लागलं. अजून स्वच्छ होतं. एका कोपऱ्यात बारीक बुडबुडा राहिलेला दिसला. असा बुडबुडा दिसला की ती स्वतःलाच रागवायची. सिम घातलं, माझा नंबर घातला, वीज जोडली. लाल दिवा लागला नाही.

ब्लेड हातात घेतलं. चिप काढून दुसऱ्या कार्डावर लावता आली असती. पण त्या डब्यातलं जेल तिनं ओतलेलं, एकदाही न कापलेलं होतं. ब्लेड ठेवून दिलं आणि सुई घेतली. जेलमधून टोचत एकेक जागा तपासत गेलो. सुई काढली की भोक मिटत होतं. आतलं सगळं कार्ड ठणठणीत होतं. बिघाड निघाला जेलच्या बाहेर, तारेच्या स्क्रूवर चढलेल्या गंजात. तो खरवडला आणि दिवा लागला.

टेस्टचं बटण दाबलं. माझा फोन वाजायला लागला आणि मला तो उचलवेना. शेवटी उचलला.

‘मोटर चालू झाली आहे.’ मग श्वास. ‘झालं का वो?’

त्या दिवशी मी तिला नुसतं ‘झालं’ म्हणालो होतो आणि रेकॉर्डिंग बंद केलं होतं.

‘नाही,’ मी म्हणालो, ‘परत एकदा बोल.’ आणि बटण पुन्हा दाबलं.