आकडा आवडला की दोनदा मोजा

आमच्या मटेरियल टेस्टिंग लॅबच्या दाराशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवलेला असे. आत पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपला खोडरबर त्या डब्यात टाकायचा, हा सुनंदा गलगली मॅडमचा नियम होता. निरीक्षणे पेननेच लिहायची. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. कुणी गिरगटून ठेवले तर त्या वही उजेडाकडे धरून पाहत आणि कन्नडमध्ये शांतपणे विचारत, "इथं काय लपवलंस?" नव्या पोरांना हा छळ वाटे. चौथ्या वर्षापर्यंत तीच पोरे धाकट्यांच्या हातातले खोडरबर काढून घ्यायला लागत.

मी सांगलीहून बंगळूरच्या या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला आलो, तेव्हा मेकॅनिकल विभागाच्या स्टाफरूममध्ये माझे टेबल त्यांच्या शेजारी लागले. त्यांचे वडील विजापूरकडून येऊन इथल्या एका सरकारी कारखान्यात टर्नर म्हणून लागले होते. मॅडमचा जन्म इथलाच. लग्न केले नव्हते, के. आर. पुरमला म्हाताऱ्या आईबरोबर राहत आणि दोन बस बदलून कॉलेजला येत. त्यांचे कन्नड मिसळलेले मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आले होते. "सरी, इनामदार म्हणजे सांगलीचे का तुम्ही? मग डब्यात ठेचा असणार की! स्वल्प इकडं सरकवा." त्या दिवसापासून आम्ही डबा एकत्र खाऊ लागलो.

शिकवण्याची त्यांची रीत वेगळी होती. सळई यंत्रात धरण्याआधी प्रत्येकाने ती किती भाराला तुटेल याचा अंदाज वहीत लिहायचा आणि खाली सही करायची. तुटल्यावर तुकडा हातोहात फिरवायचा, तुटलेल्या कडेवरून बोट फिरवायचे. एकदा एका मुलीचा आलेख फारच सुरेख आला, सगळे बिंदू एका रेषेत. मॅडमनी तो कौतुकाने पाहिला. "फार छान. आवडला ना तुला?" ती लाजून हो म्हणाली. "मग परत मोज. नावडता आकडा आपण आपणहून तपासतो. आवडता कोण तपासणार? आकडा आवडला की दोनदा मोजायचं." पोरीने कुरकुरत पुन्हा मोजले. बिंदू रेषेच्या दोन्ही बाजूंना पांगले. मॅडम म्हणाल्या, "आता हे खरं दिसतंय."

पीएच.डी. नसलेल्यांना पुढे नोकरीत ठेवणार नाही, असे जेव्हा कॉलेजने कळवले तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या होत्या. त्यांनी नाव नोंदवले. धातूही माणसासारखा थकतो. एकदाच्या मोठ्या भाराने जो जोड तुटत नाही तो लहान भार लाखो वेळा पडत राहिला की तुटतो. वेल्डिंगच्या जोडाच्या कडेला बारीक हातोड्याने ठोकून घेतले तर तो किती जास्त टिकेल, हा त्यांचा विषय. तुकडे बनवून द्यायचे पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या बसवराजप्पांनी. त्यांच्या लहानशा वर्कशॉपमध्ये वजन उचलणाऱ्या यंत्रांचे ब्रॅकेट तयार होत. एकेक तुकडा तुटायला कधी दोन दिवस लागत, कधी आठ. चार वर्षे मॅडम तासांच्या मधल्या वेळात लॅबमध्ये जाऊन किती वेळा भार पडला ते मोजणारा यंत्रावरचा काउंटर बघून येत. कॉम्प्युटरवरची गणिते मी करून दिली, म्हणून पेपरवर माझे नाव दुसरे लागले.

निकाल उत्तम आला होता. ठोकलेला जोड साध्या जोडापेक्षा कितीतरी जास्त टिकत होता. पेपर चांगल्या जर्नलमध्ये छापून आला आणि त्याच्या जोरावर मी असोसिएट प्रोफेसर झालो. बसवराजप्पांनी लॅबमध्ये पेढे आणले आणि या निकालावर विसंबून आपल्या नव्या ब्रॅकेटची पट्टी पातळ केली. मॅडमचा प्रबंध तेवढा लिहायचा राहिला होता.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवे. लॅबचा प्रभारी मी होतो. चाचणीचे यंत्र बरोबर भार दाखवते का, हे दरवर्षी बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचे असते. तो आपल्या प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहतो आणि तारखेचा स्टिकर लावून जातो. मॅडमच्या चाचण्यांच्या तिसऱ्या वर्षी त्याला बोलावायचे राहून गेले. मूल्यांकन समिती दारात आली तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, "स्टिकर लावून टाका हो, तपासणी मागाहून करू." मी लावला. तारीख घातली, सही केली, रजिस्टर पूर्ण केले. पुढच्या वर्षीही तेच केले. सगळीकडे असेच चालते, असे मी स्वतःला सांगितले होते. मॅडम यंत्र सुरू करण्यापूर्वी स्टिकर बघत आणि त्यावर विश्वास ठेवत.

शेवटी बाहेरच्या एका कामासाठी खरे प्रमाणपत्र लागले, म्हणून तपासनीस आला. त्याने तीनदा मोजले आणि मॅडमना बाजूला बोलावले. यंत्र जेवढा भार दाखवत होते त्यापेक्षा बराच कमी भार तुकड्यावर पडत होता. "चूक लहान नाही, मॅडम," तो म्हणाला. "निदान दोन वर्षांची असावी."

तो गेल्यावर त्या स्टुलावर बसल्या. मग उठून यंत्रावरचा स्टिकर नखाने खरवडून काढला, तळहातावर ठेवला आणि माझ्यासमोर धरला.

"हे अक्षर तुमचं ना, इनामदार?"

मी हो म्हणालो. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी वही उघडली. साधे जोड त्यांनी पहिल्या दोन वर्षांत तपासले होते, यंत्र ठीक होते तेव्हा. ठोकलेले जोड सगळे नंतरचे. त्यांच्यावर भारच कमी पडला होता, म्हणून ते जास्त टिकले. "आवडला होता हो मला हा आकडा," त्या म्हणाल्या. "फार आवडला होता. पोरांना सांगत बसले, आणि स्वतः एकदाच मोजला."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गयावया केली. माझी मुलगी बारावीला होती, बेळ्ळंदूरच्या फ्लॅटचे हप्ते होते, बढतीला वर्षही झाले नव्हते. "ठोकल्यानं थोडा तरी फायदा होतोच ना, मॅडम? निष्कर्ष खोटा नाही, जरा फुगलेला आहे. कुणाला कळणार आहे?"

"बसवराजप्पांना कळायला पाहिजे की. त्यांनी पट्टी पातळ केलीय."

"तुमची मुदत पुढच्या वर्षी संपते आहे. प्रबंधात काय राहील?"

"काही राहणार नाही," त्या म्हणाल्या. "मला काय कळत नाही का, इनामदार? आईचं औषध, घर, सगळं या नोकरीवर आहे. पण त्या ब्रॅकेटखाली माणूस उभा राहतो हो."

आम्ही दोघे मेट्रोने पीण्याला गेलो. वर्कशॉपच्या आवाजात बोलता येईना, म्हणून बसवराजप्पा आम्हाला बाहेर गुलमोहराखाली घेऊन आले. मॅडमनी कन्नडमध्ये सगळे सांगितले. ते आधी हसले, त्यांना ते नीट कळलेच नव्हते. "स्वल्प सावकाश सांगा, मेडम." त्यांनी पुन्हा सांगितले. या वेळी त्यांचा चेहरा उतरला. किती ब्रॅकेट कुठेकुठे गेले, ते बोटांवर मोजू लागले. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी केलं, मेडम," एवढेच म्हणाले. मॅडमनी हात जोडले. ते आत गेले आणि आमच्यासमोर फोन लावायला बसले. चहा विचारला नाही. ब्रॅकेट सगळे परत आले, कुणाला इजा झाली नाही. पण त्यानंतर त्यांनी आमच्यासाठी एकही तुकडा बनवला नाही.

जर्नलला पेपर मागे घेण्याचे पत्र लिहून मॅडमनी माझ्या टेबलावर ठेवले, सहीसाठी. मी दोन दिवस मागितले. त्यांनी चार दिवस वाट पाहिली आणि एकटीच्या सहीने पाठवून दिले. पत्रात स्टिकरचा उल्लेख नव्हता. 'यंत्राची अचूकता तपासण्याची जबाबदारी माझी होती, ती मी पार पाडली नाही,' असे लिहिले होते. विभागप्रमुखांनी मला खोलीत बोलावून दार लावले. "मॅडमनी सगळं स्वतःवर घेतलंय. तुम्ही गप्प राहा, तुमच्या बढतीला धक्का लागणार नाही." मी गप्प राहिलो. मॅडमनी स्वतःवर का घेतले, हे मी त्यांना कधी विचारले नाही. विचारण्याचे धाडस नव्हते.

हातात आठ महिने होते. कुठूनतरी दुसरीकडून तुकडे बनवून आणून त्यांनी चाचण्या पहिल्यापासून सुरू केल्या. विद्यापीठाकडे मुदतवाढ मागितली, ती नाकारली गेली. डबा त्या लॅबमध्येच उभ्याने खाऊ लागल्या. माझ्या टेबलाकडे येईनाशा झाल्या. कधी दारातून दिसत, काउंटरसमोर हात बांधून उभ्या. तुकडा लवकर तुटावा म्हणून भार थोडा वाढवला असता तर कुणाला कळले नसते. त्यांनी तो वाढवला नाही.

त्याच सुमारास कॉलेजने मेकॅनिकलच्या जागा कमी करून कॉम्प्युटरच्या नव्या शाखेच्या वाढवल्या. त्यांना हॉल हवा होता. आमची लॅब रिकामी करायचे ठरले आणि यंत्र मोडीत काढायचा फॉर्म प्रभारी म्हणून माझ्याकडे आला. मी विभागप्रमुखांकडे जाऊन म्हणालो, तीन महिने थांबता येईल का? ते म्हणाले, प्रवेश सुरू होतायत. मी सही केली.

यंत्र उचलायला कंत्राटदाराची माणसे दुपारी आली. यंत्र चालू होते, जबड्यात तुकडा होता, काउंटर पुढे पळत होता. मॅडम कंत्राटदाराच्या आडव्या उभ्या राहिल्या. "अण्णा, स्वल्प थांबा. एवढा तुकडा तुटू दे." तो भला माणूस होता. माणसांना घेऊन तिथेच जमिनीवर बसला. सगळेजण त्या दोन इंच रुंदीच्या पट्टीकडे बघत राहिले. मी दाराशी उभा होतो. चार वाजले. कंत्राटदाराने हळूच घड्याळ दाखवले. मॅडमनी स्वतः लाल बटण दाबले. तो आवाज थांबल्यावर हॉल एकदम मोठा वाटू लागला. त्यांनी तुकडा सोडवला. तो अखंड होता. वहीत काउंटरचा आकडा लिहिला आणि पुढे लिहिले, 'चाचणी अपुरी'. मग जाताना मला म्हणाल्या, "वाट सोडा, इनामदार." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी दार अडवून उभा होतो, तेवढेच.

मुदत संपली आणि पीएच.डी.ची नोंदणी रद्द झाली. पुढचे सत्र त्यांना पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवायला लावले. तयार स्लाइड मिळत, त्या वाचून दाखवायच्या. शेवटच्या बाकावरची मुले मोबाइल बघत बसत. एकदा मी वर्गावरून गेलो तर त्या स्लाइड थांबवून विचारत होत्या, "पण हे उत्तर बरोबर आहे, हे तुम्हाला कसं कळलं?" कुणी मान वर केली नाही. सत्र संपल्यावर त्यांना पत्र मिळाले. पात्रता पूर्ण नसल्याने सेवा पुढे चालू ठेवता येत नाही. पन्नाशी उलटलेल्या, पीएच.डी. नसलेल्या, पेपर मागे घेतलेल्या बाईला दुसऱ्या कॉलेजांनी मुलाखतीलाही बोलावले नाही. निरोपसमारंभ झाला नाही.

वर्षभर मला नीट झोप नव्हती. शेवटी मी विद्यापीठाला लिहिले की स्टिकर मी लावला होता, रजिस्टर मी भरले होते, संशोधक निर्दोष आहे. दोन महिन्यांनी उत्तर आले: उमेदवाराची मुदत संपलेली असल्याने प्रकरण बंद करण्यात आले आहे. दोन्ही कागद घेऊन एका रविवारी मी के. आर. पुरमला गेलो.

दार आईंनी उघडले. आतल्या खोलीत आठवीची चार मुले गणिते सोडवत होती. मॅडम शिकवण्या घेत होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. बाहेर येऊन त्यांनी माझे पत्र उभ्याने वाचले, मग विद्यापीठाचे.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण मला आता याचा काय उपयोग हो?"

"मला माहीत आहे."

"मग आणलंत कशाला?"

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, विद्यार्थ्याची पाहत तशी. मग कागद जुन्याच घडीवर दुमडून माझ्या हातात दिले. "कॉलेजला दिलंत का हे?" मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. आतून एका मुलाने हाक मारली, तशा त्या आत गेल्या.

कॉलेजला पत्राची प्रत द्यायची, असे परतताना बसमध्ये मी पक्के ठरवले होते. त्याला आता दुसरे वर्ष लागले आहे. अजून दिलेली नाही.