पुसलेल्या टेपा

आमचे हे रिटायर होऊन तेरा वर्षं झाली, तरी मुंबईच्या टीव्ही केंद्रानं काही ह्यांची पाठ सोडलेली नाही. कोणीतरी येतं आणि म्हणतं, दिवाकरराव, आमची आत्या शहात्तर साली टीव्हीवर गायली होती, ते रेकॉर्डिंग मिळेल का? हे म्हणतात, "शोधायला सांगतो." कसलं शोधतात, डोंबलाचं! ह्यांनी त्यासाठी एक फोन केलेला मी पाहिला नाही. मला तर आता वीट आलाय त्या थापेचा.

परवा मंगलाबाई आल्या. आमचा मुलगा मयुरेश पिंपळगावला कोल्ड स्टोरेजमध्ये आहे, तिथं त्या द्राक्षाच्या पॅकिंगला असतात. त्यानंच बडबड केली असणार. साठीच्या बाई, उन्हातून आलेल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझे वडील केरूआण्णा. सत्त्याहत्तर साली शेतीच्या कार्यक्रमात बोलले, द्राक्षबागेवर. आपल्याकडं तवा टीव्ही दिसत नव्हता. आण्णा म्हनायचे, मुंबईला ठिवलंय मला, कवाबी जाऊन बघा. पुढच्याच साली वारले. फोटो हाय, पन आवाज इसरले मी. तेवढा आवाज ऐकवा."

आता 'शोधायला सांगतो' येणार, म्हणून मी स्वयंपाकघराकडे वळले. तर हे म्हणाले, "बाई, ती टेप मीच पुसली."

मी तिथंच थांबले.

"टेपा परदेशातून यायच्या. दोन इंच रुंद, रीळ उचलताना कंबर मोडायची. मोजक्याच होत्या. कार्यक्रम दाखवून झाला की आठवड्यात पुसायची आणि तिच्यावर दुसरा घ्यायचा. ते काम माझ्याकडे होतं. हजारो पुसल्या मी. लोकांना खोटंच सांगत आलो, आता दमलो."

मंगलाबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "पुसायच्या आधी बघत व्हता का?"

"हो. पूर्ण चालवून बघायची पद्धत होती. टेप खराब झालीय का ते कळायला."

"मंग तुमी बघितले आण्णा! काय बोलले वो?"

ह्यांनी चष्मा काढला. "आम्ही पडद्यावरच्या रेघा बघायचो, बाई. माणसांकडे लक्ष नसायचं."

इतका राग आला मला! सांगायचं की, छान बोलले, हसले म्हणून. जन्मभर थापा मारल्या, आणि जिथं मारायची तिथं हे हरिश्चंद्र!

मंगलाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "आठवा ना सावकाश. डोक्याला टोपी असंल, डाव्या गालावर चामखीळ. मला काय घाई नाय. मी बसते."

आणि बसल्या. हे डोळे मिटून खरंच आठवायला लागले. ओठ हलत होते, कपाळाला आठ्या. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला.

शेवटी मंगलाबाईंनीच हळूच विचारलं, "नाय ना?"

"नाही हो, बाई," म्हणाले आणि हे रडायलाच लागले.