मास्तरने न बोललेला सौदा

मास्तरने मला फसवलं. मी सौदा सांगितला, त्याने ‘हव’, म्हणजे हो, म्हटलं, आणि सौदा केला नाही. लोक मला समजावायला येतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

शेअर दलालाचं ऑफिस तुम्ही पाहिलं असेल. आमचं रायपूरला बूढापारा मोहल्ल्यात होतं, तलावाकडून आत शिरणाऱ्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. भिंतीवर टीव्ही, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि एका टेबलावर कॉम्प्युटर. त्यामागे मास्तर. आपण सांगायचं, त्याने बटन दाबायचं. पण दाबण्याआधी तो उजव्या हाताचं एक बोट हवेत धरायचा आणि आपलाच सौदा आपल्याला मोठ्याने ऐकवायचा. कोणता शेअर, किती, घ्यायचा की विकायचा, काय भावाने. मग विचारायचा, “करू?” आपण “करा” म्हटलं की बोट खाली.

तेवढ्यात भाव पळायचा. खुर्च्यांवरून आरडाओरडा व्हायचा.

“अहो मास्तर, दाबा ना! काहून मुहूर्त पाहून राहिले?”

बोट हवेतच.

“भाव परत येते भाऊ,” तो म्हणायचा. “दाबलेलं बटन परत येत नाही.”

मास्तर हे नाव पडलं ते त्याच्या टायपिंग क्लासमुळे. वडील रेल्वेत, गोंदियाहून बदलून आलेले. हा इथेच वाढला आणि याच पाऱ्यात त्याने बारा मशिनांचा क्लास काढला. आधी ओळ मोठ्याने वाचायची, मग टाइप करायची, अशी तिथली शिस्त. कॉम्प्युटर आले आणि क्लास बसला. मशिनी भंगारात गेल्या, शिस्त राहिली. ऑफिसातही तो ताठ पाठीने बसायचा, दहाही बोटं चालवायचा, खाली बघायचा नाही. बाजार बंद झाला की कीबोर्डवर टाइपरायटरचं जुनं रेक्झिनचं कव्हर घालायचा. कीबोर्ड त्यात लहान पोराला बापाचा कोट घातल्यासारखा दिसायचा.

त्या शिस्तीने अनेकांना वाचवलं, हे मी नाकारत नाही. एक रिटायर साहेब यायचे, ते घाबरले की ‘घ्या’च्या जागी ‘विका’ म्हणत. मास्तर वाचून दाखवायचा, साहेब कपाळावर हात मारायचे. आठवड्यातून दोनदा. मास्तर एकदाही हसला नाही. मी मात्र हसायचो.

स्वतः त्याने एक शेअर घेतला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “वाढणाऱ्याने पंगतीत बसू नये भाऊ. मग त्याचं लक्ष आपल्याच पानावर राहते.”

आता माझं सांगतो. मी तुमसरहून सायकल घेऊन आलेला माणूस. नळ, तोट्या, वॉशर घरोघर विकले. रायपूर राजधानी झालं, शंकर नगरात बंगल्यांवर बंगले उठले, आणि समता कॉलोनीत माझं टाइल्सचं दुकान उभं राहिलं. समोरच्याने सांगितलेल्या भावाला मी आयुष्यात कधी हो म्हटलेलं नाही. दलालीसुद्धा घासाघीस करून कमी करवून घेतली. सकाळी घ्यायचं, दुपारी विकायचं, यात हात बसला होता. मास्तरला मी म्हणायचो, “दोन रुपये वर लावून पाहा ना.” तो म्हणायचा, “हा गोल बाजार नाही भाऊ, इथं दुकानदार दिसत नाही.” तरी लावायचा.

मास्तरने एकदा माझ्याकडून नळ मागितला होता. घरचा गळत होता. मी भाव सांगितला, त्याने दहा रुपये कमी करायला सांगितले. मी म्हटलं, “मास्तर, दुकानात दोस्ती नाही.” तो हसला आणि गेला. पुन्हा मागितला नाही.

मग बाजार पडायला लागला.

तुम्ही कोणी तेव्हा अशा ऑफिसात असाल तर तुम्हाला आठवत असेल, आरडाओरडा पहिल्या दोनतीन दिवसांतच संपला. मग सगळे नुसते बसून राहायचे. टीव्हीचा आवाज कोणीतरी बंद केला होता. रिटायर साहेब डबा घेऊन यायचे आणि न खाता परत न्यायचे. मास्तर प्रत्येकाचा सौदा हळू आवाजात वाचायचा, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा.

मला मात्र यात संधी दिसली. शंभराची वस्तू चाळीसला मिळते आणि लोक पळतात, याला मी अक्कल म्हणत नाही. टाटीबंधच्या रस्त्यावर गोदामासाठी जागा ठरवली होती. ते सगळे पैसे मी दलालाकडच्या माझ्या खात्यात भरले. चार दिवसांत बाजार उसळेल, नफ्यासह काढून घेऊ, असा हिशेब. बायकोला सांगितलं नाही.

मास्तरसमोर उभं राहून मी सौदा सांगितला. एकच शेअर, सगळ्या पैशांचा.

त्याने चष्मा काढून पुसला. “भाऊ, हे गोदामाचे ना?”

“तुमाले काय करायचं आहे? मी इथं सल्ला घ्याले आलो का?”

“तसं नाही. दोन दिवस थांबून...”

“मास्तर, तुमी बटन दाबायचा पगार घेता. दाबा!”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “हव,” म्हणाला. मी जिना उतरलो. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं.

आणि इथे मी चुकलो. वीस वर्षं मी समोरच्याचा हात पाहून भाव ओळखत आलो. त्या दिवशी मास्तरचं बोट वर गेलंच नव्हतं. त्याने सौदा वाचला नव्हता, “करू?” विचारलं नव्हतं. खुर्चीवरच्या कोणालाही कळलं असतं. मला रागात दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेअर खरंच उसळला. मी धावत ऑफिसात गेलो. खात्यात शेअर नव्हता. पैसे जसेच्या तसे पडून होते.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. ‘चोर’ हा त्यातला सभ्य शब्द. म्हटलं, माझा सौदा याने दुसऱ्याला दिला, नफा खाल्ला. मालक आतून आला. वीस गिऱ्हाइकं बघत होती. अशा धंद्यात सांगितलेला सौदा झाला नाही असं बाहेर कळलं, तर उद्या कोण येणार?

मालक म्हणाला, “मास्टरजी, आप उठ जाइए.”

मास्तर उठला. सकाळचे दहा वाजले होते, तरी त्याने कव्हर घेतलं आणि कीबोर्डवर नीट घातलं. मग त्याला आठवलं असावं की ते आपलं आहे. काढलं, घडी केली, डब्यासोबत पिशवीत ठेवलं. माझ्यासमोर थांबला.

“मी सौदा बोललो नव्हतो भाऊ,” म्हणाला. बस, एवढंच.

त्याच रागात मी सगळे पैसे काढून घेतले. म्हटलं, या चोरांच्या घरात एक रुपया ठेवणार नाही. पुढच्या काही दिवसांत तो शेअर असा घसरला, की आज त्याचं नावही कोणी काढत नाही.

गोदाम बांधून झालं. वास्तूच्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं, की मास्तरने फसवलं नसतं तर त्या सकाळी मी नफ्यात विकून मोकळा झालो असतो.

ती पुऱ्या लाटून राहिली होती. “तुमी विकलं असतं?” म्हणाली. “तुमी? अजून दोन रुपये मिळू दे म्हणत बसले असते.”

दुसऱ्या दिवशी दुकानातला सगळ्यात चांगला पितळी नळ खिशात घालून मास्तरच्या घरी गेलो. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, “वो तो बहन के पास चले गए, भैया. पता नहीं दिया.” अंगणात नळ होता. त्याला चिंधी बांधलेली, चिंधीतून थेंब पडत होता, खाली बादली भरून वाहत होती. मी पाना आणला आणि नळ बदलला. थेंब थांबला. मग वाटलं, रिकाम्या घराला याचा काय उपयोग? नवा काढून घेतला आणि जुनाच बसवला.

मालकाला जाऊन विचारलं, त्याला का काढलं? तो म्हणाला, “भैया, आप ही तो चिल्ला रहे थे.”

मी रोज ओरडतो. सगळा बूढापारा ओळखतो माझं ओरडणं. माझ्या ओरडण्याने टाइल्सच्या कारखान्यांनी कधी कोणाला काढलं नाही. मग यानेच का ऐकलं? चौकशी का केली नाही? याचा जवाब मालकाने द्यावा.

आणि मास्तरनेही द्यावा. समोर बसून, मोठ्याने, बोट वर धरून. दहा रुपये न सोडणाऱ्या माणसाचं गोदाम वाचवायला त्याला कोणी सांगितलं होतं? मी चोर म्हटलं तेव्हा खरं काय ते त्याने वीस माणसांसमोर का सांगितलं नाही?

नळ माझ्या गल्ल्याशेजारी ठेवला आहे. विकायचा नाही. मास्तरने यावं आणि भाव बोलावा. तो बोलेल त्या भावाला मी ‘हव’ म्हणेन.

पण आधी जवाब पाहिजे.