निपाणीच्या आक्कांची बेस गिटार

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात माझं काम तपासणीचं. शाफ्ट सरळ आहे की वाकडा, हे बघण्यात दिवस जातो. रविवारी आमच्या गाण्याच्या ग्रुपात मी बेस गिटार वाजवतो, पण तीही दुसऱ्याची. निपाणीत एका निवृत्त शिक्षिकेकडे चाळीस-एक वर्षांपूर्वीची बेस विकायला आहे असं कळलं, तसा छोटा अँप्लिफायर गाडीला बांधून मी निघालो.

दार त्यांनीच उघडलं. गिटार दिवाणावर चादर अंथरून ठेवली होती.

"तुमच्या यजमानांची का, आक्का?"

"न्हाय, माझीच. ते पेटी वाजवायचे. आमची भीमगीतांची पार्टी हुती. बाई गिटार वाजवतीया म्हणून माणसं पार स्टेजपाशी येऊन बघायची."

मी चाट पडलो आणि कामाला लागलो. गिटारची मान डोळ्यासमोर धरून शाफ्टसारखी न्याहाळली. थोडा बाक होता, पण मान सरळ करायची आतली सळी चावीनं फिरत होती. म्हणजे बाक निघणार. एकेका पट्टीवर तार दाबून ऐकलं, तर दोन-तीन ठिकाणी खरखर. आवाजाचं बटण फिरवलं की अँपमधून नुसती चरचर. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. मग खुंट्यांच्या खाली एक बारीक रेघ दिसली.

"तिथं मोडल्याली हाय," मी काही विचारायच्या आत आक्का म्हणाल्या. "कणकुंबीकडनं कार्यक्रम करून येताना टेंपोतनं पडली. खानापुरात एका सुतारानं चिकटवून दिली. तवापास्नं कुरकुर न्हाय. पण तुम्हाला ठावं असावं."

मोडलेली मान म्हणजे जोखीमच. मी तारा सुरात लावल्या आणि म्हटलं, "थोडा वेळ ताणावर राहू दे. जोड कच्चा असला तर सूर उतरेल."

"मग तवर च्या टाकते."

चहा झाला. सूर जागच्या जागी होता. मी म्हटलं, "आक्का, आता तुम्हीच वाजवा. मी जोडाकडं बघतो."

"बोटं ऱ्हायली न्हाईत रं आता," असं म्हणत त्यांनी ती मांडीवर घेतली. पहिले दोन सूर चुकले. मग चाल सापडली आणि तो भरदार, खोल आवाज खोलीभर झाला. मांडणीवरची ताटं थरथरू लागली. जोडाकडं बघायचं माझ्याकडून राहूनच गेलं. थांबल्यावर बघितलं, तर रेघ होती तशीच होती.

व्यवहार दोन वाक्यांत झाला. निघताना मी त्यांना आमच्या सरावाला बोलावलं. त्या येतील असं काही वाटलं नव्हतं. पण पुढच्याच रविवारी त्या बसनं बेळगावात आल्या. पहिलं गाणं त्यांनी खुर्चीत बसून ऐकलं, दुसऱ्याला हात पुढं केला. मी गिटार त्यांच्याकडं दिली आणि कोपऱ्यातली खंजिरी उचलली. त्या दुपारी मला परत बेस मिळालीच नाही, आणि मी मागितलीही नाही.