ओढ्यापलीकडचा धूर

आमच्या गुऱ्हाळावर कुणीही आलं की आधी उकळत्या रसाच्या काहिलीत डोकावायचं. वारामामा आधी आभाळाकडं बघायचे. मूठभर राख उडवायचे, ती कुठं जाते ते डोळे बारीक करून पाहायचे आणि मगच चुलवाण पेटवायचे. यवतचे हे मुसलमान गृहस्थ आमच्या राहू गावात जाळ घालायच्या कामाला आले, तेव्हा मी शाळेत होतो. त्यांचं खरं नाव मतदारयादीत होतं. आम्हाला वारामामाच ठाऊक.

राख ओढ्यापलीकडं गेली की ते विडी पेटवून खुशाल बसून राहत. पलीकडं धनगरांची चार घरं होती. मेंढरं विकून ती माणसं शेतीला लागली होती. त्यांतल्या म्हाताऱ्या ठकूबाईला दमा होता. इकडं आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, येरझाऱ्या सुरू व्हायच्या. तोडलेला ऊस वाळत पडलाय आणि हा माणूस वाऱ्याची वाट बघतोय. मामा म्हणायचे, "आबा, ऊस घटकाभर थांबल. म्हातारीचा जीव न्हाई थांबायचा." आबा चरफडायचे, पण थांबायचे.

हे थांबणं मी बंद केलं. मी बी.कॉम. झालो होतो, बँकेतले साहेब ओळखीचे झाले होते. नव्वदीच्या अखेरीस कर्ज मिळालं, एका काहिलीच्या चार झाल्या, भारनियमनाचा त्रास नको म्हणून आमच्यापुरती विजेची वेगळी डीपी बसली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर खांब तेवढा आला, तार आली नाही. चार काहिलींना अखंड जाळ लागतो. पिळलेल्या उसाची चिपाडं वाळायला चार दिवस ऊन द्यावं लागतं, आणि तेवढी कळ मला सोसेना. मी भंगारवाल्याकडून जुन्या टायरींचा ट्रक मागवला. टायर झकास जळते. धूर मात्र असा काळा, की वस्तीवरच्या वाळत घातलेल्या धुण्यावर बोट फिरवलं तर रेघ उठायची.

मामांनी टायरी जाळल्या नाहीत असं नाही. पोटासाठी जाळल्या. पण राख उडवायची सवय सुटली नाही, आणि वाट बघायची तर मुभा नव्हती. त्यामुळं माणूस बसेना की उभा राहीना. मध्येच ओढ्यापर्यंत जाऊन यायचे, विडी अर्धीच टाकायचे. मला वैताग यायचा. एकदा मी सुनावलं, धंदा वाढला की थोडा धूर व्हायचाच. ते म्हणाले, "व्हऊ दे की. पर दादा, लाईट तुझ्या घरात आन् धूर त्येंच्या घरात, ही कसली वाटणी?"

थंडीतल्या एका दुपारी वारा पलीकडं फिरला. ठकूबाईची सून धावत आली. म्हातारीला श्वास घेता येत नव्हता. भरल्या काहिलीखालचा जाळ काढायचा नसतो, गुऱ्हाळावर याहून मोठं पाप नाही. मामांनी लोखंडी आकड्यानं पेटत्या टायरी ओढून काढल्या, वर माती लोटली. चारही चुलवाणं विझवली. सगळा रस नासला. म्हातारी वाचली. मी मामांना सगळ्यांदेखत वाटेल ते बोललो, वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. मामांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि ते यवतच्या रस्त्याला लागले. मी त्यांना हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी नवा माणूस आला, त्यानं वाऱ्याकडं पाहिलं नाही.

पाच-सहा वर्षांनी कळलं, मामा शिरूरला लेकीकडं असतात. का कोण जाणे, राहवलं नाही म्हणून गेलो. खाटेवर पडून होते, पार थकले होते. माझ्यावर त्यांचा राग नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. त्यांनी पोराबाळांची चौकशी केली. मी सांगितलं, धाकटीला धूर सोसेना, सारखा खोकला, म्हणून हडपसरला फ्लॅट घेतला. पोरं आणि त्यांची आई आता तिकडंच असतात.

"लई ब्येस केलंस," मामा मनापासून म्हणाले. मग पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवत त्यांनी विचारलं, "आन् ठकूबाईला कुठं हलवलंस?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच वाटलं होतं, की मी तिलाही हलवलं असेल.